अर्धं सूत सैल

मास्तरांच्या घरात बटणांचे सात डबे होते, पण त्यांच्या मुलीच्या एकाही शर्टाला खरं काज नव्हतं. शिंप्याच्या घरची ही गोष्ट ऐकून कोणीही हसलं असतं, म्हणून तर ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बाहेरून पाहिलं तर शर्ट चारचौघांसारखा. कॉलर ताठ, बटणपट्टी सरळ, पट्टीवर सहा बटणं ओळीत बसलेली, प्रत्येक बटणाच्या बाजूने काजाचे टाकेसुद्धा घातलेले. पण बटण वरच्या पट्टीलाच कायमचं शिवून टाकलेलं आणि पट्टीच्या पोटात वेल्क्रोचे छोटे चौकोन लपवलेले. वरून नुसता तळवा दाबला की शर्ट बंद, ओढला की उघडा. उघडताना वेल्क्रोचा टर्रकन आवाज होतो, तोही होऊ नये म्हणून मास्तरांनी बारीक कात्रीने त्याचे आकडे विरळ केले होते. एवढा उपद्व्याप एका शर्टामागे तीन दिवस खायचा, आणि मास्तर तो हौसेने करायचे.

हे सगळं ठकूसाठी. ठकू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. वय वर्षं चोवीस. सातव्या वर्षी तिच्या स्नायूंना आजार जडला. आधी ती जिन्यावर पडायला लागली, मग सपाट जमिनीवर, मग एकदा चाकाच्या खुर्चीत बसली ती बसलीच. चौदाव्या वर्षी बोटांतली ताकद गेली. चमचा जाड मुठीचा केला तर धरता येई. बटण, चेन, हूक हे सगळं मात्र तिच्यापुरतं संपलं. डोकं तल्लख आणि जीभ अशी की मास्तरांची कात्री तिच्यापुढे बोथट. गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची. एकदा एका बाईंनी ब्लाउज चौथ्यांदा परत आणला, तेव्हा ठकू म्हणाली होती, "बाई, ब्लाउज तोच आहे, तुम्ही दर वेळी वेगळ्या येताय." बाई हसत गेल्या आणि पुन्हा आल्या, हे मास्तरांचं नशीब.

ठकूची आई गेली तेव्हा पोर पंधरा वर्षांची होती. चौकातलं चांगलं चालतं दुकान मास्तरांनी बंद केलं आणि मशीन घरी आणून खिडकीपाशी मांडलं. करणार काय? तिला उठवायचं, संडासला न्यायचं, आंघोळ घालायची, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, खोकला अडकला तर पाठीवर थापट्या मारून काढायचा. हे करून जो वेळ उरेल त्यात पॅंट आखूड करणं आणि चेन बदलणं, एवढंच शिवणकाम उरलं. घर चालायचं ते सरकारच्या दोन भत्त्यांवर. एक ठकूचा, अपंग म्हणून, आणि एक तिला सांभाळणाऱ्याचा, म्हणजे मास्तरांचा. दुसरा भत्ता पहिल्याच्या शेपटाला बांधलेला. पहिला थांबला की दुसरा आपोआप थांबणार, आणि दोन्ही थांबले की मास्तरांनी कुठेतरी दिवसभराची नोकरी धरायची आणि ठकूला संस्थेत ठेवायचं, दुसरी वाट नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर ते बोलत नसत.

वेल्क्रोचं गुपित ठकूच्या सोळाव्या वर्षाचं. तोवर मास्तर तिला समोरून मोठ्या पट्ट्या लावलेले ढगळ सदरे शिवून देत. दवाखान्यात एका लहान पोराने ती पट्टी कुतूहलाने ओढली आणि सगळ्या रांगेसमोर सदरा उघडला.  घरी आल्यावर ठकू म्हणाली, "बाबा, मला पेशंटचे कपडे नकोत. माझे कपडे वेगळे आहेत हे कोणालाही कळता कामा नये. कोणालाही." मास्तरांनी शब्द दिला. अकरा शर्ट वाया घालवले तेव्हा बारावा जमला. तो तिने स्वतःच्या हाताने चढवला, सहा वेळा छातीवर थाप मारली आणि आरशात बघून म्हणाली, "मास्तर, बिल पाठवा." त्या दिवशी मास्तर स्वयंपाकघरात जाऊन रडले. सुखाने रडले, आणि मला वाटतं त्यानंतर तसं रडायचा योग त्यांना कधी आला नाही.

इतकी वर्षं भत्त्याचा फॉर्म डॉक्टर भरून द्यायचे. यंदा नियम बदलला आणि तपासनीस घरी येणार असं पत्र आलं. आली ती एक तरुण मुलगी, नाक चोंदलेली, हातात टॅब्लेट, वागायला अगदी गोड. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. जेवता कशा, उठता कशा, विचारत विचारत ती कपड्यांपाशी आली.

"कपडे स्वतः घालता का?"

 धुतलेला शर्ट पलंगावर होता. ठकूचे कान लाल झाले. ती बाबांकडे बघत होती आणि बाबा तिच्याकडे. वेल्क्रोचं सांगायचं कोणी? शब्द तिने घेतलेला, त्यांनी दिलेला. तिला वाटलं बाबा सांगतील, त्यांना वाटलं पोरीच्या तोंडून येऊ दे.

"शर्ट घालते," ठकू म्हणाली.

"दाखवाल?"

ठकूने दाखवलं. शर्टाच्या पाठीला मास्तरांनी घातलेल्या चुणीमुळे बाही अलगद चढायची. मग खुर्चीच्या हाताला कोपर टेकवून सहा थापा. दीड मिनिटात शर्ट बंद. तपासनीस मुलीने मान डोलावून टॅब्लेटवर खूण केली. वर म्हणाली, "शर्ट काय सुरेख शिवलाय हो!"

"घरचाच आहे," मास्तर म्हणाले.

आता बोला! तोंड उघडायची हीच वेळ होती. पट्टी उलटून दाखवायची, बाई, हे काज खोटं आहे, हे बटण खोटं आहे, माझ्या पोरीला खरं बटण दहा वर्षांत लावता आलेलं नाही, असं सांगायचं. त्याऐवजी हा माणूस कौतुकाने फुलला. कारागिराला कोणी काम चांगलं म्हटलं की त्याची अक्कल तेवढ्यापुरती चरायला जाते. मुलगी चहाला नको म्हणाली, नाक पुसत निघून गेली.

पत्र पाच आठवड्यांनी आलं. कपडे स्वतः घालते म्हणून त्या रकान्यातले अपंगत्वाचे दोन गुण कापले होते, आणि त्या दोन गुणांनी ठकू भत्त्याच्या मर्यादेखाली गेली होती. दोन्ही भत्ते पुढच्या महिन्यापासून बंद. ठकूने पत्र दोनदा वाचलं.

"तू का नाही बोललास?"

"तू का नाही बोललीस?"

"मी सोळा वर्षांची असताना मागितला होता तो शब्द. तू अजून पाळतोयस?"

"मग? दिलेला शब्द काय गिऱ्हाइकाची पॅंट आहे, आखूड करायला?"

दोघं त्या दिवशी जेवले नाहीत. मास्तरांना एकदम म्हातारपण आल्यासारखं झालं. सुई ओवायला बसले तर दोरा नेढ्यात जाईना, आणि डोळे पुसले तरी जाईना.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमनकाका राहायचे. आयुष्यभर लोकांची सरकारी पत्रं वाटून ती नुसती हाताला लागली तरी आत काय आहे ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. त्यांनी नियमांचं पुस्तक पैदा केलं, दोन दिवस वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सर्वसाधारण कपडे कोणाच्याही मदतीशिवाय घालता येत नसतील तर दोन गुण, असं तिथे होतं.

"सर्वसाधारण!" काका ओरडले. "हा तुमचा जादूचा शर्ट सर्वसाधारण आहे का? अपील करा. त्यांच्यासमोर साधा शर्ट ठेवा. पोरीला जमणार नाही, गुण परत."

अपील केलं. सुनावणीची तारीख आली. अर्जदाराने साधा, बटणाचा शर्ट सोबत आणावा, असं पत्रात होतं.

"ठकू, तिथे फक्त नापास व्हायचं," काका म्हणाले.

"काका, शाळेत होते तोवर हे मला कोणीच सांगितलं नाही," ठकू म्हणाली. काका हसले, मास्तर हसले नाहीत.

"सोंग नाही करायचं," मास्तर म्हणाले. "जेवढं जमतं तेवढं कर. जमत नाहीच आहे, तर खोटं कशाला?"

आता साधा शर्ट आणायचा कुठून? बाजारात ढिगाने मिळतात. पण ठकूची पाठ एका बाजूला कललेली, तयार शर्ट तिच्या अंगावर बसेना, आणि मास्तर म्हणाले, चार परक्या माणसांसमोर माझी पोर गबाळी जाणार नाही. म्हणून त्यांनी स्वतःच शिवायला घेतला. निळसर सुती कापड, सहा पांढरी बटणं. बाकी शर्ट एका दुपारी झाला. काजांपाशी गाडी अडली.

काज म्हणजे बटण जाण्यापुरती चीर. ती बटणाहून एका ठरलेल्या मापाने मोठी ठेवायची, त्यापेक्षा आखूड ठेवली तर बटण अडतं, लांब ठेवली तर आपोआप सुटतं. मास्तरांचा हात या मापावर चाळीस वर्षं बसलेला. आज घट्ट काज हवं होतं. निदान नेमाचं तरी. त्यांनी खडूने खूण केली, कात्री लावली, आणि ठकूची बोटं डोळ्यांसमोर आली. ती टोकाला वळलेली, गार बोटं. या बोटांना अडेल असं काही त्यांनी आजवर शिवलं नव्हतं. घरातला नळ, कपाटाची मूठ, उशीचा अभ्रा, सगळं त्यांनी त्या बोटांच्या सोयीने वळवलं होतं. कात्री अर्धं सूत पुढे गेली. अर्धं सूत म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढंसुद्धा नाही. कोणाला कळणार, मास्तर स्वतःला म्हणाले, आणि सहाच्या सहा काजं त्याच मापाने कापली. मग रेशमी दोऱ्याने इतकी सुबक विणली की लग्नाच्या कोटाला शोभावी.

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टमध्ये खुर्ची तिरकी घातल्याशिवाय मावेना; अपंगांच्या अपिलाचं कार्यालय आणि ही लिफ्ट! ठकू म्हणाली, "इथपर्यंत पोचलेल्याला बरा समजत असतील." आत लांब टेबलामागे तिघं. मधे चष्म्यातून वर बघणारे अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक प्रेमळ चेहऱ्याच्या बाई, कोणाच्याही मावशी वाटाव्यात अशा. 

मास्तरांनी आधी जुना शर्ट टेबलावर ठेवला आणि पट्टी उलटून वेल्क्रो दाखवला. बटण खोटं कसं, काज खोटं कसं, सगळं सांगितलं. आठ वर्षं जपलेलं गुपित तीन अनोळखी माणसांच्या हातांतून फिरलं. डॉक्टरांनी तर दोनदा उघडझाप करून पाहिली. ठकू खाली फरशीकडे बघत होती. तिला लाज वाटत होती आणि ती मास्तरांना तीन हात लांबूनही कळत होती.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "आता साधा शर्ट. बाह्या आमचे मदतनीस चढवतील, बटणं तुम्ही लावायची. वडिलांनी हात लावायचा नाही, बोलायचं नाही."

ठकूने टीशर्टवर निळसर शर्ट चढवून घेतला आणि वरून तिसऱ्या बटणाला हात घातला, तेवढंच तिच्या आवाक्यात होतं. बटण निसटलं. पुन्हा धरलं, निसटलं. तिने दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून बटण मधे पकडलं, कपडा दुसऱ्या अंगठ्याने ओढला, कपडाच हातातून गेला. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. तीन मिनिटं झाली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. तो पुसायला मास्तरांचा हात उठला आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. देवा, लागू नको देऊ, ते मनात म्हणत होते. बापाने मागावी अशी का ही मागणी? चार मिनिटं. पाच. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. त्या बाईंनी तोंडावर हात धरला होता.

सहाव्या मिनिटाला बटणाची कड काजात शिरली.

ठकू थांबली. तिच्या बोटाला ती ओळखीची सैल जागा लागली असणार. क्षणभर तिने हात तसाच ठेवला, मग अंगठ्याच्या पेराने एकदा ढकललं. बटण गेलं. आरपार गेलं, पलीकडे आलं आणि तिथेच राहिलं.

"लागलं!" ठकू म्हणाली. तिने मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं. सातव्या वर्षी, आजार नुकता सुरू झाला तेव्हा, चार पावलं टाकली की बघायची ना, तसंच पाहिलं.

"शाब्बास, ठकू!" मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तेव्हा आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्या प्रेमळ बाईंनी तर चक्क दोन टाळ्या वाजवल्या, त्यांचे डोळे भरून आले होते. डॉक्टर हसले. अध्यक्षही हसले, आणि खाली बघून लिहायला लागले.

"साहेब, एकच लागलंय," मास्तर उठून उभे राहिले. "सहा मिनिटं लागली हो एका बटणाला. अजून पाच आहेत. आणि काज सैल होतं साहेब, मीच सैल ठेवलं होतं, माझी चूक झाली..."

"घट्ट कापायचं होतं का?" अध्यक्षांनी विचारलं. ते कुत्सितपणे बोलले नाहीत, सरळच बोलले.  आम्ही शर्टात काहीतरी करून आणलं, हे आपण आपल्याच तोंडाने कबूल केलंय, एवढं मास्तरांच्या लक्षात आलं. ते खाली बसले.

निकालाचं पत्र लवकर आलं. वाईट पत्रं लवकरच येतात, पोस्टमनकाका म्हणाले. सरावाने अर्जदारास सर्वसाधारण कपडे घालणे शक्य असल्याचे दिसते, अपील फेटाळण्यात येत आहे. खाली एक वाक्य होतं. अर्जदाराच्या प्रगतीबद्दल वडिलांनीही समाधान व्यक्त केले. ते वाक्य मास्तरांनी किती वेळा वाचलं याला गणती नाही. नवा अर्ज एक वर्षाने करता येणार होता.

एक वर्ष काय खाऊन काढायचं? मास्तरांना गणवेशाच्या कारखान्यात काम मिळालं, सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दिवसभर एकाच मापाच्या कॉलरी. त्यांनी काकांना विचारलं, शेजारणीला विचारलं, पण दिवसभर संडासला नेणारं, खोकला काढणारं माणूस उसनं मिळत नाही. संस्थेत जागा होती. सोमवारी या म्हणाले. सोबत न्यायच्या सामानाची छापील यादी आली. तिच्यात चौथा नियम होता, वेल्क्रो असलेले कपडे आणू नयेत, धुलाईच्या मशीनमध्ये इतरांच्या कपड्यांना चिकटतात. बारा शर्ट, बटणाचे.

ठकूने संस्थेला फोन लावला. "बटणं कोण लावून देणार?"

"आमचे मदतनीस असतात ना, ताई."

"किती जणांमागे एक?"

"चौदा," पलीकडची बाई म्हणाली. "पण सवय होते हो."

शुक्रवारी दुपारी मास्तर कापड घेऊन खिडकीपाशी बसले होते. कारखान्याचा पहिला दिवस सोमवारीच होता. ठकू खुर्ची सरकवत मशीनपाशी आली.

"बाबा, त्या दिवशी काज सैल होतं ना?"

"हं."

"किती?"

"अर्धं सूत." मास्तरांनी वर पाहिलं नाही. "हात वळला नाही गं. तुला अडेल असं काही कापायला हातच वळला नाही. मीच घालवलं सगळं."

"मला बोटाला कळलं होतं," ठकू म्हणाली. "सैल आहे हे कळलं, आणि थांबायला हवं हेही कळलं. पण ते जात होतं रे बाबा. दहा वर्षांनी जात होतं. मला नाही थांबता आलं."

मास्तर कापडात तोंड घालून रडायला लागले. ठकूने हात लांब केला, तो त्यांच्या खांद्यापर्यंत पोचेना, म्हणून तिने मशीनच्या फळीवर ठेवला.  रस्त्यापलीकडे कोणीतरी खिडकीची काच बसवत होतं, त्याची ठकठक येत होती.

"आता एक सूत सैल ठेव," ठकू म्हणाली. "पूर्ण एक. तिथे मोजायला कोणी येणार नाही."

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले, खडू घेतला आणि पहिल्या शर्टाच्या पट्टीवर सहा खुणा केल्या. बारा शर्टांची बहात्तर काजं होती, आणि ती सगळी हाताने विणून सोमवारच्या आत व्हायला हवी होती.